पहिल्या दोन मिनिटांतील माणूस

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आयोजित लघुपट कार्यशाळेच्या समारोपप्रसंगी एका चित्रपट-अध्यापकाने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



गेले चार दिवस तुम्ही एका कल्पित चित्रपटाची केवळ पहिली दोन मिनिटे तयार करण्यात गढून गेला आहात. पुढचा चित्रपट कोणी करणार नाही, हे ठाऊक असूनही तुमच्यापैकी काहींनी झोप मोडली, घरच्यांची बोलणी खाल्ली आणि आईची ठेवणीतली पैठणी चित्रीकरणासाठी न विचारता आणली. त्या माउली आज सभागृहात आहेत, म्हणून अधिक तपशिलात जात नाही.

हा स्वाध्याय मूळचा माझा नाही. इंग्लंडमध्ये शालान्त पातळीवरच्या माध्यम अभ्यासक्रमात काही वर्षे असा स्वाध्याय होता. नव्या कथापटाची श्रेयनामावलीसह सुरुवात करावयाची आणि ती दोन मिनिटांच्या आत संपवावयाची. चित्रफीत सादर केली म्हणजे विद्यार्थी मोकळा होत नसे. त्याला पुढे सात प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. त्यातील एक प्रश्न मला नेहमीच सर्वांत अवघड वाटला आहे. तुमच्या कलाकृतीतून विशिष्ट समाजगटांचे चित्रण कसे झाले आहे, असा तो प्रश्न. कॅमेरा कोणता वापरला, संकलन कसे केले हे सांगता येते. परंतु आपण पडद्यावर उभ्या केलेल्या माणसाच्या पाठीमागे कोणता समाज उभा केला आणि त्या समाजाला तो माणूस मान्य होईल का, याचे उत्तर देताना भलेभले अडखळतात. आज मी त्याच एका प्रश्नाविषयी बोलणार आहे.

खूण अटळ आहे

पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाजवळ काहीही नसते. पात्राचे नाव त्याला ठाऊक नसते, स्वभाव ठाऊक नसतो, कथा तर अजून सुरूच झालेली नसते. असतात त्या केवळ खुणा. डोक्यावरची टोपी, कपाळावरचे कुंकू, पायातल्या वहाणा, बोलण्यातला हेल, घराची भिंत, हातातले काम. या खुणांवरून प्रेक्षक क्षणार्धात ठरवतो की हा शेतकरी, ही मोलकरीण, हा भटजी, हा सावकार. व्यक्ती म्हणून ओळख होण्याच्या आधी पात्र एका समाजगटाचा प्रतिनिधी म्हणून त्याच्यासमोर येते. दिग्दर्शकाची इच्छा असो वा नसो, असे होणारच.

यात मुळात काही पाप नाही. आपल्या संस्कृत नाटकांनीही हे केले. राजा आणि विद्वान संस्कृतात बोलत, स्त्रिया आणि सामान्य जन प्राकृतात. प्रेक्षकाला भाषेवरूनच पात्राची जागा कळे. मात्र त्याच परंपरेने ही चौकट जागच्या जागी मोडूनही दाखवली. विदूषक जातीने ब्राह्मण, पण बोलतो प्राकृत, आणि राजाला खडे बोल सुनावण्याचा अधिकारही त्याच्याकडेच. तेव्हा खुणा वापराव्यात की नाही, हा वादाचा विषय नव्हे. ती खूण तुम्ही स्वतः पाहून घेतली की कोठून तरी उसनी आणली, एवढेच मला विचारावयाचे आहे.

उसनी आणलेली खूण काय करू शकते, हे मी एका प्रसंगातून शिकलो. तो सांगताना मला अभिमान वाटत नाही. परंतु आज तुमच्यासमोर उभे राहावयाचे तर तो सांगणे भाग आहे.

एक वेलांटी दुरुस्त केली

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यशाळेत मी मार्गदर्शक होतो. ठिकाणाचे आणि संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक माझी होती. एका गटाने चोरीच्या कथेची सुरुवात लिहिली. दुपारची वेळ, जुना वाडा, झोपाळ्यावर डुलकी घेणारी आजी, फडताळात पाटल्यांचा डबा. मागचे दार किलकिले होते. आधी अनवाणी पाय दिसतात, मग काळा हात, मग पिंजारलेले केस आणि तांबारलेले डोळे. संहितेत त्या पात्राला नाव नव्हते. तेथे लिहिले होते, ‘एक पारध्यासारखा दिसणारा माणूस.’

ती संहिता माझ्या हातात होती. त्या ओळीत एका शब्दाची वेलांटी चुकली होती. ती मी लाल शाईने दुरुस्त केली आणि खाली सही करून संहिता संमत केली.

चित्रीकरणाच्या दिवशी चोराचे काम करणारा विद्यार्थी आला नाही. गटात वसतिगृहात राहणारा एक अबोल मुलगा होता, रिफ्लेक्टर धरण्याचे काम करी. कोणीतरी त्याला म्हणाले, “तूच उभा राहा रे, तुला मेकअपसुद्धा लागणार नाही.” सगळे हसले. तोही हसला आणि उभा राहिला. तो मुलगा खरोखरच पारधी समाजातला होता. हे गटातील कोणालाही ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

समारोपाला त्याने आपल्या वडिलांना गावाहून बोलावून घेतले होते. मुलगा सिनेमात आहे, एवढेच त्यांना कळले होते. धुतलेला पांढरा सदरा घालून ते मागच्या रांगेत बसले होते. चित्रफीत संपली, टाळ्या झाल्या, चहापान सुरू झाले. ते चहा न घेता निघून गेले. मी त्या मुलाला गाठून विचारले, तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, “सर, वडील म्हणाले, एवढं लांब शिकायला पाठवलं, ते हे व्हायला?”

मित्रहो, त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हा चेहरा आला कोठून?

त्या गटातील मुले दुष्ट नव्हती. चांगल्या घरातली, संस्कारी मुले होती. मग चोर म्हटल्याबरोबर त्यांच्या मनात तोच चेहरा का उभा राहिला?

त्याचा इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो वाढवत देशभर नेला. गुन्हा केला म्हणून माणूस गुन्हेगार, हा जगभरचा न्याय. या कायद्याने अमुक जमातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार ठरवला. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यास परवाना आणि अनेकांच्या नशिबी कुंपणाआडची वसाहत. सोलापूरची सेटलमेंट जुन्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. देश स्वतंत्र झाल्यानंतरही या जमातींना पाच वर्षे वाट पाहावी लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या. म्हणूनच तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

कायदा गेला, पण कायद्याने रंगवलेले चित्र गेले नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, पोलिसी कथांत, गल्लीतल्या गप्पांत ते राहिले. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिले. समाजाने कपाळावर मारलेला शिक्का त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठेवला आणि आत एक अख्खे माणसांचे जग दाखवले. यमगरवाडीला जाऊन आलेल्या कार्यकर्त्यांना वेगळे काही सांगावयास नको. तेथील मुलांचे डोळे ज्याने पाहिले, त्याच्या लेखणीतून ‘पारध्यासारखा दिसणारा माणूस’ हे शब्द उतरणार नाहीत. माझ्या लेखणीतून ते निसटले, कारण मी केवळ शब्दांचे शुद्धलेखन पाहत होतो.

आता कोणी म्हणेल, मग काय चोर दाखवावयाचाच नाही? जरूर दाखवा. आपल्या परंपरेत चोराचे किती सुंदर चित्रण आहे, ते पाहा. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक चारुदत्ताच्या घरी भिंत फोडून चोरी करतो. हा शर्विलक जन्माने ब्राह्मण आहे. भिंतीचे माप घ्यावयाचे तर दोरी विसरून आलेली, तेव्हा तो गळ्यातल्या यज्ञोपवीतानेच माप घेतो! चोरी करतो ती मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी. म्हणजे या चोराला कसब आहे, विनोद आहे, प्रेम आहे आणि मनाची टोचणीही आहे. नाटककाराने चोराला जन्मावरून निवडले नाही, चोरीमागचा माणूस निवडला. आमच्या विद्यार्थ्यांच्या चोराजवळ काय होते? केवळ कातडीचा रंग आणि न विंचरलेले केस.

आपले दुखणे आणि दुसऱ्याचे

पारध्यांचे उदाहरण दूरचे वाटत असेल, तर जवळचे घेऊ. हिंदी चित्रपट पाहताना आपल्याला एक गोष्ट वर्षानुवर्षे खटकत आली आहे. मुंबईत घडणाऱ्या कथेत मराठी माणूस कोठे असतो? तो हवालदार असतो, नाही तर घरगडी. मराठी स्त्री नऊवारी नेसून लादी पुसत असते आणि तिची हिंदी मोडकीतोडकी असते. ज्या समाजाने दादासाहेब फाळके दिले, व्ही. शांताराम दिले, त्याच समाजाच्या वाट्याला पडद्यावर केरसुणी यावी, याचा आपल्याला राग येतो. तो रास्त आहे. केरसुणी हातात घेणे कमीपणाचे नाही, परंतु संपूर्ण समाजाला तेवढेच एक काम द्यावे, हा अन्याय आहे.

मग हाच निकष आपल्या मराठी एकांकिकांना आणि लघुपटांना लावून पाहा. आपल्याकडे दाक्षिणात्य पात्र आले की ते लुंगी सावरत ‘अय्यय्यो’ म्हणते. उत्तर भारतीय आला की तो दूधवाला, आणि मठ्ठ. गोव्याचा ख्रिस्ती आला की हातात बाटली. मारवाडी आला की वहीखाते आणि कंजूषपणा. भटजी आला की सुटलेले पोट आणि दक्षिणेकडे डोळा. यापैकी कोणत्याही समाजात असा एखादा माणूस नसतोच, असे मी म्हणत नाही. परंतु पहिल्या दोन मिनिटांत तोच एक पुन:पुन्हा येत राहिला, तर पडद्यापुढे बसलेल्या त्या समाजातील लहान मुलाने स्वतःला कोठे शोधावे? आपले दुखणे ज्याला कळते, त्याला दुसऱ्याचे दुखणे कळावयास वेळ लागू नये.

येथे ग्रामीण बोलीचा उल्लेख करावाच लागेल. आपल्या विद्यार्थ्यांच्या चित्रफितींत खेडूत म्हणून जो कोणी येतो, तो विदर्भातला असो वा तळकोकणातला, तमाशापटांतून ऐकलेली सातारा-कोल्हापूरकडची भाषाच बोलतो. अरे, वऱ्हाडात ‘मले’ म्हणतात, खानदेशात अहिराणी बोलणारा ‘माले’ म्हणतो, मालवणी माणूस ‘माका’ म्हणतो. एका सर्वनामात अवघा मुलूख उभा राहतो. ते ऐकण्याचे कष्ट घेतले नाहीत तर शहराबाहेरचा सगळा महाराष्ट्र एकाच ठशाचा होऊन बसतो.

दुसरा साचा : ‘बिचारा’

पुन्हा त्या मुलाकडे येतो. मी त्या गटाला परत बोलावले. झाले ते मुलांना सांगितले, माझी सही असलेला कागदही दाखवला. मुले हादरली. संहिता लिहिणारी विद्यार्थिनी तर रडू लागली. तिने त्या मुलाची क्षमा मागितली आणि म्हणाली, “आपण ही सुरुवात नव्याने करू, तुझ्या घरची गोष्ट घेऊन.”

आठ दिवसांत नवी संहिता तयार झाली. पाल, पालात भुकेले मूल, आईच्या डोळ्यांत पाणी, दारात पोलिसाचा बूट आणि पार्श्वभूमीला करुण बासरी. सद्भावना शंभर टक्के. मी ती त्या मुलाच्या हातात दिली. त्याने दोनदा वाचली आणि अत्यंत शांतपणे विचारले, “सर, आमच्या घरात कोणी हसतच नाही का?”

मित्रहो, हा दुसरा साचा पहिल्यापेक्षा फसवा असतो. पहिल्या साच्यात आपण तुच्छतेने पाहतो, म्हणून कधी ना कधी लाज वाटते. दुसऱ्यात आपण दयेने पाहतो, म्हणून आपल्याला स्वतःचे कौतुक वाटते. परंतु दोन्हीकडे समोरचा माणूस निर्जीवच राहतो. चोराला आपण शिक्षा करतो, बिचाऱ्याला मदत करतो. त्याला स्वतःला काय हवे आहे, हे दोन्ही वेळा कोणी विचारत नाही. सेवाकार्यात ज्यांनी आयुष्य घातले आहे, त्यांना हे नीट कळते. उपकाराच्या भावनेने वस्तीत जाणारा माणूस तेथे फार दिवस टिकत नाही. जो आपलेपणाने जातो, तो टिकतो.

जाणकारांनी काय केले?

मग करावे काय? याचे उत्तर आपल्याच चित्रपटांत आहे. आरंभापासून आहे.

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. भारतीय कथापटाचा तो पहिला राजा. दादासाहेबांनी त्याला प्रथम कसा दाखवला? आज जी रिळे उपलब्ध आहेत, त्यांच्या आरंभी राजा सिंहासनावर बसून हुकूम सोडत नाही. तो आपल्या लहानग्या मुलाला धनुष्यबाण चालवावयास शिकवतो आहे आणि राणी तारामती कौतुकाने पाहते आहे. राजेपणाची खूण धनुष्यात आहे, अलंकारांत आहे. पण प्रेक्षकाची गाठ पडते ती एका बापाशी. पुढे याच बापाला सर्वस्व सोडावे लागते, तेव्हा प्रेक्षक हळहळतो, कारण तो त्याला पहिल्याच दृश्यात ओळखू लागलेला असतो.

त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१३ साली, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ तयार झाला. त्यातील जब्या कैकाडी समाजातला आहे. गावातली डुकरे धरण्याचे काम त्याच्या घराकडे आहे आणि पुढे चित्रपट आपल्याला त्या अपमानाच्या तळापर्यंत नेतो. परंतु जब्या आपल्याला आधी भेटतो तो रानात, हातात गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागावर. त्याला काहीतरी हवे आहे. जात आपल्याला नंतर कळते, इच्छा आधी कळते. याच मंजुळ्यांनी तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, संज्ञापन अभ्यासाचे विद्यार्थी असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ हा २००४ सालचा लघुपटही पुण्याच्या चित्रपट संस्थेतील विद्यार्थिदशेतलाच. त्यात एक आई उदरनिर्वाहासाठी घरातच पिठाची गिरणी आणते आणि त्या घरघरीचा तिच्या मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, एवढीच गोष्ट आहे. गरिबीवर एक शब्दही न उच्चारता एक मध्यमवर्गाच्या कडेला लोंबकळणारे घर तेथे उभे राहते. ही नावे मी मुद्दाम घेतली. विद्यार्थ्यांकडून एवढ्या बारकाईची अपेक्षा ठेवू नये, असे कोणी म्हणू नये म्हणून.

आणखी एक उदाहरण देतो. ते ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ सालचा चित्रपट. त्याच्या भूमिकेशी आपण सहमत असू वा नसू, मांडणीतून शिकण्यास हरकत नसावी. ज्या लोकशाहिरावर पुढे खटला भरला जातो, तो आरंभी मुलांची शिकवणी घेताना दिसतो. आणि त्याच्या विरोधात उभी राहणारी सरकारी वकील? तिला खलनायिका करणे किती सोपे होते! दिग्दर्शक तिच्याबरोबर लोकलने तिच्या घरी जातो, तिला स्वयंपाक करताना, संसार सांभाळताना दाखवतो. ज्याचे विचार आपल्याला पटत नाहीत, त्यालाही घर असते, हे ज्याला दिसते तोच खरा निरीक्षक. हा नियम सर्व बाजूंनी पाळला जावा, अशी अपेक्षा आपणही करावी आणि आपणही तो पाळावा.

चार व्यावहारिक गोष्टी

तुम्ही विद्यार्थी आहात, तेव्हा हाती धरण्यासारखे काही द्यावयास हवे. चार गोष्टी सांगतो.

पहिली, पात्राला काम द्या. नुसता उभा असलेला माणूस समाजगटाचा नमुना होतो. भाकरी थापणारा, सायकलची साखळी बसवणारा, सुईत दोरा ओवणारा माणूस त्या कामाच्या ढंगाने वेगळा होतो. त्यासाठी ते काम तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेले असले पाहिजे.

दुसरी, कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे, ते तपासा. गरीब माणूस वरून आणि धनिक खालून टिपावयाचा, ही सवय न कळत हाताला लागते. जमिनीवर बसलेल्या माणसाचे चित्रण करावयाचे तर तुम्हीही जमिनीवर बसा. ट्रायपॉडचे पाय आखडता येतात, ते याचसाठी.

तिसरी, नाव द्या. श्रेयनामावलीत ‘मोलकरीण’, ‘भिकारी’, ‘खेडूत १’, ‘खेडूत २’ असे लिहू नका. नाव शोधण्यासाठी पाच मिनिटे विचार केला, तरी ते पात्र तुमच्या मनात बदलू लागते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. ज्या समाजातील माणूस तुम्ही दाखवत आहात, त्या समाजातील कोणाला तरी चित्रफीत टाळ्यांच्या आधी दाखवा. परवानगी मागण्यासाठी म्हणून नव्हे, कलावंताने आपले स्वातंत्र्य कोणाकडे गहाण टाकू नये. परंतु जे आपल्याला दिसले नाही, ते त्याला दिसेल. आणि तो गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्याचाही अर्थ लावा.

सतराचा पाढा

शेवटी त्या गटाने काय केले, ते सांगून थांबतो.

या वेळी संहिता आधी लिहिली गेली नाही. तो मुलगा गटाला आपल्या गावी घेऊन गेला. मुले दोन दिवस तेथे राहिली. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात राखणीचे काम करीत. ज्या समाजाला आपण चोर म्हणत आलो, त्यातील माणसाच्या भरवशावर एक शेतकरी आपले पीक सोडून घरी निर्धास्त झोपत होता! हे वाड्यात बसून आम्हाला सुचले नसते.

तिसऱ्या खेपेची दोन मिनिटे अशी होती. पहाट. जोंधळ्याचे शेत, मध्ये उंच माळा. माळ्यावर उभा राहून बाप गोफण फिरवतो आहे, पाखरांचा थवा उठतो आहे. माळ्याखाली मुलगा मोठ्याने सतराचा पाढा म्हणतो आहे. सतरा सातीला तो अडतो आणि चुकीचा आकडा सांगतो. गोफण न थांबवता वरून आवाज येतो, “एकशे एकोणीस.” बाप कधी शाळेत गेलेला नाही. रोज ऐकून ऐकून त्याला पाठ झाले आहे. मुलगा हसतो, बापही हसतो. इतक्यात दुरून मोटारसायकलचा आवाज येतो. गोफण थांबते. दोघेही रस्त्याकडे पाहू लागतात. आणि तेथे चित्रपटाचे नाव पडद्यावर येते.

मोटारसायकलवर कोण आहे, हे आम्ही दाखवले नाही. परंतु त्या थांबलेल्या गोफणीत १८७१ पासूनचा इतिहास होता आणि त्यासाठी ना पिंजारलेले केस लागले, ना बासरी. माळ्याखालच्या मुलाचे काम गावातल्या एका मुलाने केले. कॅमेरा कोणाकडे होता, हे तुम्ही ओळखले असेल. रिफ्लेक्टर धरणारा मुलगा आता कॅमेऱ्यामागे होता.

त्या चित्रफितीला कोठे पारितोषिक मिळाले नाही. आवाज नीट आला नव्हता, वाऱ्याची खरखर फार होती. पण ती दाखवली त्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले होते. तोच पांढरा सदरा. चित्रफीत संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मास्तर, गोफण फिरवताना माझा हात एवढा वर जात नाही. पोरानं जरा वाढवून दाखवलं.” आणि मग चहा घेऊन गेले.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या मोठे दिग्दर्शक होतील, काही शिक्षक होतील, काही बँकेत, काही शेतीत जातील. कॅमेरा हाती असो वा नसो, समोर आलेल्या अनोळखी माणसाविषयी पहिल्या दोन मिनिटांत मत बनवण्याचे काम आपण सारेच जन्मभर करीत असतो. एसटीत शेजारी बसलेला, दारात उभा राहिलेला, कार्यालयात अर्ज घेऊन आलेला. त्या दोन मिनिटांत आपण त्याच्याकडे खरोखर पाहतो, की मनात आधीच तयार असलेली चित्रफीत चालवतो? ज्या समाजाला आपण एकरस म्हणू इच्छितो, त्याची परीक्षा याच दोन मिनिटांत होत असते.

त्या परीक्षेत मी एकदा अनुत्तीर्ण झालो आहे. तुम्ही होऊ नका, एवढेच सांगण्यासाठी आज येथे आलो होतो.